सात नंबरवरचा तंबू

आधीच सांगून टाकते, आमचा तंबू काही देखणा नव्हता. एक बाजू नारिंगी, दोन राखाडी आणि दार हिरवंगार. पण तो आईने शिवला होता, आणि त्याला नावं ठेवायचा हक्क फक्त मला आणि मावशीला आहे. शेजारच्या दुर्बीणवाल्या काकांना तो हक्क कुणी दिला?

आई तंबूच्या कारखान्यात शिवते. चौदा वर्षं, आणि फक्त दारं. मावशी शेजारच्या मशीनवर कोपऱ्यांना दोरीच्या कड्या लावते. हजारो तंबू दोघींच्या हाताखालून गेले, पण उभारलेला तंबू दोघींनीही पाहिला नव्हता. म्हणून या सुट्टीत मी हट्टच धरला. डोंगरातल्या तळ्याकाठची सात नंबरची जागा, अगदी पाण्याला लागून, दोन महिने आधी मीच फोन करून धरून ठेवली. आईने कारखान्यातलं बाद कापड मागून आणलं आणि सुट्टीच्या दिवशी बसून बसून तंबू शिवला. घरात तो उभारून बघायला जागा कुठे असणार?

दुपारी आम्ही तो ठोकला. आई त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "एवढा मोठा असतो होय." तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात आठ नंबरवरचे काका, गळ्यात दुर्बीण अडकवलेले, रखवालदाराला घेऊन आले.

"हे बघा," काका म्हणाले, "इथे आम्ही निसर्ग बघायला येतो. समोर हे गोधडीसारखं काय?"

रखवालदाराने तंबूवर कंपनीची पट्टी शोधली. ती नव्हतीच. "घरी शिवलेला चालत नाही, बाई. मागे न्हाणीघराजवळ लावा."

न्हाणीघराजवळ. जिथून तळं दिसतसुद्धा नाही. आणि आई काय म्हणाली? "बरं." आणि वाकून खुंटी उपटायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, हात लावू नकोस," मी म्हटलं. "दादा, हा नियम कुठे लिहिलाय?"

"फाटकावर पाटी आहे की."

"कुणीही हलायचं नाही," असं बजावून मी पळत सुटले. पाटी तीनदा वाचली. वाऱ्यात टिकावा, पाण्यात गळू नये, आतून पटकन बाहेर पडता यावं. संपलं. कंपनीचं नावसुद्धा नाही. धापा टाकत येऊन हे ऐकवलं, तर रखवालदार डोकं खाजवत म्हणाला, "पण हा गळणार नाही कशावरून?"

"बादली आणा."

"अगं, मोठ्यांशी कसं बोलतेस," आई पुटपुटली.

"तुझ्यासारखं बोलून चौदा वर्षांत काय मिळालं?" मी बोलून गेले. मलाच कसंतरी झालं, पण तेव्हा माघार घेणार कोण.

मावशी मध्ये पडली. "कापड रंगासाठी बाद झालंय, पाण्यासाठी नाही. मी आत बसते. भिजले तर आम्ही मागे जातो." ती आत गेली, आईने बाहेरून चेन लावली, आणि रखवालदाराने तळ्यातून आणून चार बादल्या ओतल्या.

"कोरडी ठणठणीत," आतून आवाज आला. मी काकांकडे असं पाहिलं की त्यांनी दुर्बीणच डोळ्यांना लावली.

मग पुन्हा आवाज. "ताई, चेन कुठून उघडायची गं?"

आईने कपाळावर हात मारला. कारखान्यात दार तिच्याकडे उलटं येतं. ती चेन लावते, आणि पुढच्या टेबलावर कुणीतरी ते सुलटं करून तंबूला जोडतं. ते कुणीतरी आमच्या घरी नव्हतं. चेनचा खटका बाहेरच राहिला होता, आणि मावशी आत कोंडलेली.

काका पोट धरून हसले. रखवालदार हसला नाही. "आतून पटकन बाहेर पडता यावं," तो म्हणाला. "तूच वाचून आलीस ना, पोरी."

मला रडू फुटणार होतं, तेही संतापाने.

आईने मावशीला बाहेर काढलं आणि रखवालदारापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चूक माझी आहे. दुरुस्तही मीच करणार. तासभर थांबा. तोवर ही खुंटी कुणी हलवायची नाही." हा आवाज मी घरात ऐकला होता, गणितात नापास झाले तेव्हा. चारचौघांत कधीच नाही.

पिशवीतून सुया निघाल्या, कात्री निघाली. दार उसवलं, पलटलं, आणि दोघी बहिणी दोन टोकांनी शिवत सुटल्या. बाहेरूनही खटका ओढता यावा म्हणून वर दोन बोटं जातील एवढी फट ठेवली. मी कापड धरून होते.

"नीट ताण," आई मान वर न करता म्हणाली. "आणि त्या चौदा वर्षांचं आपण मग बोलू."

रखवालदार स्वतः आत शिरला. पाच वेळा चेन लावली, पाच वेळा उघडली. "राहा," म्हणाला आणि गेला.

काका मात्र घुटमळत होते. आवाज एकदम लोण्यासारखा. "बाई, आमच्याही तंबूचा एक कोपरा उसवलाय. तुम्ही दोन टाके घातले असते तर…"

मी तोंड उघडलंच होतं, पण आईने हातानेच गप्प केलं. आठ नंबरवर जाऊन तिने शिलाई बोटांनी चाचपली. "होईल. उद्या नऊनंतर या. त्याआधी मी तळ्याकडे बघत बसणार आहे."

नऊ. मी असते तर पुढच्या वर्षी बोलावलं असतं.