गुरुवारी पट्टा कुणाकडे होता

फोन वाजला तेव्हा मावशींच्या ओठांत टाचण्या होत्या. समोर एक गिऱ्हाईक स्टुलावर उभं होतं आणि त्याच्या पँटची उंची ठरत होती. रुग्णालयाच्या संशोधन विभागातली सिस्टर पलीकडून भराभरा बोलत होती आणि मावशी नुसतं "हं, हं" करत होत्या.

"मावशी, काकांना उद्या सकाळीच घेऊन या. गुरुवारी दुपारी त्यांच्या पट्ट्यावर ठोके फारच बिघडलेले दिसताहेत. त्या दिवशी चक्कर वगैरे आली होती का त्यांना?"

"हं," मावशी म्हणाल्या. सिस्टरनं ते उत्तर समजून फोन ठेवून दिला.

मावशींनी टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. गुरुवारी दुपारी कॅप्टन, म्हणजे त्यांचे यजमान, खिडकीजवळच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होते आणि त्यांचं मनगट मोकळं होतं. पट्टा त्या दिवशी चिमणीकडे होता. चिमणी म्हणजे लेक. आता उतरू का, असं गिऱ्हाईक विचारत होतं आणि मावशींना ते ऐकूच येत नव्हतं.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर ही माणसं लबाड वाटतील. तशी ती नाहीत. कॅप्टननी उभा जन्म बस चालवली. डोक्यावर कायम टोपी, म्हणून हे नाव पडलं. गावभरची माणसं त्यांनी इकडची तिकडे पोचवली, पण स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पायी जायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत हृदय थकलं. पाय सुजायचे, आडवं झालं की दम कोंडायचा, उशांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या उजाडायचं. शेजारी मावशीही टक्क जाग्या.

अशात रुग्णालयात एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला आणि त्यात कॅप्टनची वर्णी लागली. कुणाला खरी गोळी, तर कुणाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही माहीत नाही म्हणे. मावशींना मात्र पक्कं माहीत होतं. कॅप्टन एका उशीवर आडवे होऊन घोरायला लागले होते! त्या घोरण्याला जन्मभर नावं ठेवणाऱ्या मावशी आता ते ऐकत पडून राहायच्या आणि डोळे पुसायच्या.

गोळीबरोबर मनगटाला एक पट्टा आला. माणूस किती चालतो आणि त्याचं हृदय कसं चालतं, हे टिपून तो परस्पर रुग्णालयाला कळवायचा. "काका जसे राहतात तसेच राहू देत, फक्त पट्टा काढायचा नाही," असं सिस्टरनं बजावलं होतं. पण कुणी तपासायला येणार म्हटलं की आधी घर आवरायला घेणाऱ्यांतल्या ह्या मावशी. पुढच्या खेपेला सिस्टर सहज म्हणाली, "चालणं जरा कमीच दिसतंय हो काका," आणि मावशींनी ते मनावर घेतलं. चालणं कमी म्हणजे औषधाचा उपयोग नाही, उपयोग नाही म्हणजे औषध बंद, आणि बंद म्हणजे पुन्हा त्या उशा. हे गणित त्यांना कुणी घातलं नव्हतं. त्यांनीच मांडलं आणि त्यांनीच सोडवलं.

कॅप्टनना चालायला सांगून पाहिलं. "मी काय पोस्टमन आहे?" असं उत्तर आलं. तेव्हा मावशींनी पट्टा आपल्याच हातात चढवला आणि जवळचा बाजार सोडून लांबच्या बाजारात जायला सुरुवात केली. मग चिमणी म्हणाली, "आई, तू कशाला तंगडतोड करतेस? माझं तर कामच ते." चिमणी घरोघरी पार्सलं पोचवायची. नाव चिमणी, पण कपाटसुद्धा खांद्यावर मारून तिसऱ्या मजल्यावर नेईल अशी. ती सकाळी पट्टा घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून बापाच्या मनगटाला बांधायची. त्यानंतरच्या खेपेला सिस्टर खूश, मोठ्या डॉक्टरीणबाई खूश. "बघितलीस माझी प्रगती?" म्हणून कॅप्टन घरी किती मिरवले! अर्थात, खुर्चीत बसूनच.

आज ती प्रगती अंगाशी आली होती.

संध्याकाळी चिमणी घरात पाऊल टाकते न टाकते तोच मावशींनी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"गुरुवारी दुपारी तुला काय झालं होतं?"

"कुठं काय?"

"माझ्याकडे बघून बोल."

चिमणीनं पाण्याचा पेला भरून घेतला. "बसले होते जरा एका जिन्यात. डोळ्यांपुढं अंधारी आली. छातीत नुसती फडफड. ऊन होतं गं, आणि पोटात काही नव्हतं."

"पहिल्यांदाच झालं?"

चिमणी पाणी पीत राहिली. पेला रिकामा झाला तरी तो तोंडाला तसाच.

मावशींच्या मनात आलं, नाक बापाचं, हट्ट बापाचा, असं आपण आजवर कौतुकानं सांगत आलो. कार्टीनं हृदयही त्याचंच उचललं की काय?

"उद्या सिस्टरला सगळं सांगून टाकते," त्या म्हणाल्या.

"वेड लागलंय का तुला? बाबांना काढून टाकतील. औषध बंद होईल. मी दाखवते की दुसऱ्या डॉक्टरला, नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"जरा काम कमी झालं की. माझी शपथ आहे आई, तोंड उघडलंस तर."

कॅप्टनना मावशींनी वार सांगितलाच नाही. ठोके चुकलेत म्हणून बोलावलंय, इतकंच सांगितलं. संध्याकाळनंतर पट्टा त्यांच्याच हातात असायचा, तेव्हा त्यांनी ते निमूट स्वतःवर घेतलं. स्वतःची नाडी धरून बसले. "बघ गं, आत्ता एक चुकला," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्यामागं शिवणयंत्र विकू नकोस हां." तुम्हाला काहीही झालेलं नाही, हे वाक्य मावशींच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते बोललं की पुढचा प्रश्न आलाच, मग कुणाला झालंय? त्या रात्री त्या घरात कुणी घोरलं नाही.

सकाळी रुग्णालयात कॅप्टनच्या छातीला तारा जोडल्या, काढल्या. सिस्टरनं पट्टा सोडवून ट्रेमध्ये ठेवला. मोठ्या डॉक्टरीणबाई बराच वेळ कागद बघत होत्या. चिमणी कामावरचं जाकीट घालूनच आली होती आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे ओठ मावशींना पांढरे दिसत होते. खरंच होते की भीतीनं दिसत होते, कोण जाणे.

"आत्ता काही दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण असे ठोके येतात आणि जातात. हे औषधामुळे झालं नसेल असं मी म्हणू शकत नाही. आजपासून गोळी बंद, काका."

 जी एक गोष्ट टाळायला मावशींनी एवढा खटाटोप केला, तीच समोर येऊन उभी राहिली होती.

"बंद?" कॅप्टनचा आवाज पोरासारखा बारीक झाला. "बाई, त्या गोळीनं झोप लागते हो मला."

"समजतंय मला. पण इतरही रुग्णालयांत हे औषध चालू आहे, त्यांनाही आजच कळवावं लागेल. कदाचित सगळ्यांचंच थांबवतील. गुरुवारी दुपारी जे झालं ते पुन्हा झालं तर जिवावर बेतेल."

"गुरुवारी दुपारी?" कॅप्टन म्हणाले. त्यांनी आधी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग सावकाश मान वळवून दाराकडे, लेकीकडे.

चिमणी आईकडे बघून मान हलवत होती. नको, नको. शपथ घातलेली होती. मावशींना ती शपथ आठवत होती आणि तिचीच भीतीही वाटत होती, कारण अशा गोष्टी त्या मानत असत. पण गप्प राहावं तर यांना औषध नाही आणि हिला डॉक्टर नाही. शिवाय कुठल्या कुठल्या घरांतून उशांचे ढीग पुन्हा रचले जाणार, ते वेगळंच.

"ते ठोके यांचे नव्हतेच," मावशी म्हणाल्या. "हिचे होते. पट्टा हिच्या हातात होता."

सिस्टर ट्रेमधल्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"कधीपासून चाललंय हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पहिल्यापासूनच म्हणा."

"पण का?"

"यांचं चालणं कमी दिसलं तर औषध बंद कराल, म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मावशी, काका कमी चालले असते तर आम्ही कमी असं लिहिलं असतं. एवढंच. चालण्यावरून कुणाचंही औषध बंद होणार नव्हतं."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या लांबच्या बाजाराच्या खेपा, ते जिने, ती पोरगी जिन्यात एकटी बसलेली.

"गोळीचं काय होईल ते माझ्या एकटीच्या हातात नाही, ते नंतर बघू," डॉक्टरीणबाई चिमणीकडे वळल्या. "तू आधी इकडे ये."

"मी ठीक आहे हो. माझी दुपारची पार्सलं..."

"चढ वर!" कॅप्टन गरजले. बसच्या दारात लोंबकळणाऱ्यांवर ओरडायचा तो जुना आवाज, सिस्टरसुद्धा दचकली. चिमणी मुकाट्यानं पलंगावर चढली.

दोघांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आतून यंत्राची बारीक टिकटिक येत होती, आणि ती सरळ चालली आहे की वेडीवाकडी, हे मावशींना कान लावूनही कळेना. शेवटी डॉक्टरीणबाई दारात आल्या. "आत्ताही ठोके बिघडलेलेच आहेत. उपाय आहेत याला, पण घरी नाही पाठवणार. आत्ताच भरती करतोय. आणखी काही दिवस अंगावर काढलं असतं, तर सांगता येत नव्हतं." एवढं बोलून त्या पुन्हा आत गेल्या.

मावशी बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. डोळे पुसून पाहतात तो शेजारची जागा रिकामी. कॅप्टन बोळातून चालत होते. दारापासून टोकाच्या खिडकीपर्यंत, खिडकीपासून परत दारापर्यंत, आणि पुन्हा. टोपी हातात चुरगळलेली, मनगट मोकळं.

"बसा हो. दम लागेल."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. मावशी उठल्या आणि त्यांच्या बरोबरीनं चालायला लागल्या.

"अगं," खिडकीपाशी वळताना कॅप्टन म्हणाले, "तिचं जे काय आहे ते माझ्या अंगाला नाही का गं लावता येणार?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या, आणि दोघं परत दाराकडे निघाले.