वासाचा पहारा

मी पुरचुंडी बोलून राहिली. नाक दाबू नका, मी वास मारते हे मले माहीत आहे. तोच माझा धंदा होय.

सालेकशाकडच्या एका गावात रुख्मानं नवऱ्याच्या, बिसरामच्या, जुन्या सदऱ्याचा खिसा फाडला, त्यात सावलीत वाळवलेला निरगुडीचा पाला भरला अन् मले गाठ मारली. नुकतंच बियानं भरून तिच्या हाताले धान चिकटून होतं. पाल्यासंगं चार दाने माझ्या पोटात गेले, तिले पत्ताच नाही.

मंग तिनं मले ढोलीत, झाकनाखाली टांगलं. ढोली म्हनजे शेनामातीनं लिपलेली बांबूची कोठी. खाली चिन्नोर जातीच्या धानाचं बियानं. रुख्माच्या मायनं लगनात चिचगडहून ओटीत देल्लं होतं, तवापासून दरसाल पेरून राखलेलं. आता गावात दुसऱ्या कोनाजवळ ते नाही.

दान्यावर बुरशीचे पोट्टे टपूनच राहत. मी त्यांच्या अंगाले बोटबी लावत नव्हती. वरूनच वास सोडे, की त्यांची वाढ खुंटे. "या ना बे वर," म्हनून मी चिडवे.

उन्हाळ्यात रुख्मा पडली, खुबा मोडला. गोंदियाच्या दवाखान्यात जाता जाता म्हने, "अजी, माझ्या बियान्याकडे लक्ष ठेवजा."

बिसरामले करमे नाही. घडीघडी झाकन उघडून मले पाहे. "एवढीशी पुरचुंडी, काय पुरन हे?" एक दिवस त्यानं बांधावरचा हिरवा पाला ओरबाडून आनला, सारा धानात कालवला अन् झाकन लिपून टाकलं. मायेनंच केलं बिचाऱ्यानं. पन ओला पाला आत घामेजला, सडला. धान ओलं झालं. माझा एकटीचा वास पुरे नाही. पोट्टे वर चढत आले. या खेपेले हासाची पाळी त्यांची होती.

पेरनीच्या आधी रुख्मा काठी टेकत घरी आली. झाकन काढलं. धानाचे काळेहिरवे गोळे झालेले. तिनं सुपात निवडलं, बरे दिसले ते दाने ओल्या फडक्यात बांधून ठेवले. एकालेबी कोंब आला नाही.

"पाला कालवला कायले जी? मी तं टांगत होती."

"मले वाटलं, जास्त टाकला तं जास्त राखन."

रुख्मानं सूप बाजूले सारलं. मंग म्हने, "माय इचारत राहे, माझं धान कसं आहे." अन् चहा मांडाले उठली.

ढोली रिकामी पडली. मी आता चुलीजवळच्या खुंटीवर आहो, वाळलेल्या पाल्याची, पेटवाले बरी. माझ्या पोटातले त्याच चिन्नोरचे चार दाने वाळल्या पाल्यात अजून कोरडे आहेत. मानसाले माझं बोलनं ऐकू जात नाही, वास तेवढा जाते. म्हनून जीव खाऊन वास मारून राहिली.

रुख्मा, चुलीत टाकाच्या आधी एकदा माझी गाठ सोड वं.