मालकांच्या हाती झोळीची दोरी

मी अक्काबाईंची नऊवार बोलतेय. खोटं कशाला सांगू, सोलापूरच्या मागावरून उतरले तेव्हा माझा तोरा फार होता. त्यांच्या लेकानं, बुद्धघोषनं, वालचंदनगरच्या नोकरीतल्या पहिल्या पगारातून मला आईसाठी घेतलं. अक्काबाईंनी मला एका लग्नात मिरवलं आणि ट्रंकेत ठेवून दिलं. वर्षातून एकदा ऊन, बाकी डांबरगोळ्या. वाटलं, जन्म असाच सुखात जाणार.

शहाण्णव साली शेजारची मेहजबीन लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. घरात दुसरं कुणी नाही. वर्षाच्या आफताबला बाजेच्या पायाला बांधून ती कामावर जाई. एका दुपारी रडणं ऐकून अक्काबाई गेल्या, तर पोराचा पाय दोरीनं काचलेला, तोंडात माती. त्यांनी त्याला सोडवून घरी आणलं. संध्याकाळी मेहजबीनला एवढंच म्हणाल्या, "उद्यापासनं हितं आणून सोड."

महिन्याभरात अशी अकरा पोरं जमली. सर्जेराव मालकांची रस्त्याकडेची पत्र्याची खोली रिकामी होती, ती त्यांनी वर्षापुरती दिली. पाळणा मात्र कुणाकडेच नव्हता. अक्काबाईंनी ट्रंक उघडली.

त्यांनी मला दुहेरी करून छताच्या लोखंडी अँगलला बांधलं, खाली दोरी लावली आणि आफताबला आत ठेवलं. पाचच मिनिटांत माझा सगळा तोरा भिजला.

तेव्हापासून दिवसातून तीन आंघोळी. दात येत होते तेव्हा त्या पोरानं माझ्या रेशमी पदराचं जे केलं, ते बोलायची सोय नाही. शिवाय त्याची एक खोड होती. झोका थांबला की डोळे उघडणार, डोळे उघडले की भोंगा, आणि त्याच्या पाठोपाठ खोलीतले बाकीचे सगळे.

वर्ष सरलं. सर्जेरावांना खत ठेवायला खोली हवी होती. त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. अक्काबाई गावभर फिरल्या, पण अकरा पोरांना जागा कोण देणार? मेहजबीन तर काम सोडायच्या गोष्टी करू लागली.

नवव्या दिवशी दुपारी मालक खोली रिकामी करायला आले. नेमका एका पोरीला ताप चढला होता आणि अक्काबाई तिला डॉक्टरकडे न्यायला निघाल्या होत्या. बाकीची नुकतीच निजली होती. अक्काबाईंनी झोळीची दोरी मालकांच्या हातात दिली.

"सर्जेराव, भांडायचं ते मी आल्यावर भांडा. तवर हात थांबवू नका."

मालकांनी थांबवून पाहिलाच. आफताबनं भोंगा लावला. कोपऱ्यातली दोघं चुळबुळली. मालकांनी घाबरून असा हिसका दिला की माझ्या गाठी करकरल्या. मग ते भिंतीला टेकून बसले, टोपी काढली, हात बदलत राहिले. तासाभरानं एक पोर रांगत येऊन त्यांच्या मांडीवर झोपलं. आता पायही हलवता येईना.

तेवढ्यात खताचा ट्रॅक्टर आला. म्हस्कू ड्रायव्हर दारात येऊन विचारू लागला, पोती कुठं उतरवू?

"हळू बोल," मालक कुजबुजले. "घरी ने. पडवीत टाक."

"मालकीणबाई कावतील की."

"ती एकटी हाय. हितं धा हायती."

म्हस्कूनं ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत ढकलत नेता येतो का ते पाहिलं, मग चालू केला. कुणी उठलं नाही.

अक्काबाई चारला परतल्या. पोरीचा ताप उतरला होता. मालकांनी खोलीचा विषय काढलाच नाही. दोरी आखूड आहे, पाठीला रग लागते, अशी तक्रार केली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लांब दोरी पाठवली. त्यानंतर पत्रे गळतात का ते बघायला म्हणून ते ऐन उन्हाळ्यातही दुपारचे यायचे. मेहजबीन कामावर टिकली.

आता आफताब अंगणभर पळतो, माझ्याकडे बघतही नाही. त्याच्या जागी तान्ही तेजश्री आली. मी मधोमध विरले. परवा अक्काबाईंनी मला उतरवलं, धड भागाची दुपटी शिवली, उरलेल्याचे लंगोट. रडू नका, मी मजेत आहे. दांडीवर वाळताना आता सगळा रस्ता दिसतो.

फक्त एक मागणं आहे. तुमच्या ट्रंकेत एखादी नऊवार नुसती पडून असेल, तर इकडे पाठवा. रंग कसाही चालेल, पण पोत दणकट हवा. सर्जेराव झोका फार मोठा देतात.