जिभेचा वाटा

हे सांगितलं तर कोणी खरं मानत नाही, आणि सांगणाऱ्याचा एकूण लौकिक पाहता मानूही नये. पण एका गावात एका हिवाळ्यात माणसांची अस्वलं होत होती. भर दुपारी, चारचौघांत, चांगल्या धडधाकट माणसांची. तोंड फुगायचं, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरायच्या, अंग तापायचं, आणि हातपाय असे जड पडायचे की माणूस डुलत डुलत चालायचा. घरचे लोक त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून शेजाऱ्यांना बोलवायला धावत. बघायला या, आमच्याकडे अस्वल आलंय.

हा सगळा चमत्कार अस्वलबाबांचा. बाबा पूर्वी गाद्या-उशा विकायचे आणि गादीत कापसापेक्षा बोलणंच जास्त भरायचे. गाव डोंगराच्या कुशीत. थंडी अशी की मिशीवाले लोक सकाळी हसायचं टाळायचे, मिशी मोडेल म्हणून. शिकारी डोंगरावरून अस्वल मारून आणत, आणि बाबा ते लाकडाच्या जुन्या वखारीत सावलीला टांगत. मांस गोठून दगड झालं की सुरीनं त्याचे पातळ काप काढायचे आणि तसेच, कच्चे, भक्तांच्या तोंडात घालायचे.

“आग ही शक्तीची वैरीण,” बाबा सांगत. “अस्वल कधी चूल पेटवतं का? म्हणून त्याच्या अंगात बळ. तुम्ही रोज शिजवून खाता, म्हणून जिना चढताना धापा टाकता.”

ह्या युक्तिवादापुढे सगळं गाव माना डोलवायचं. चूल गाढवही पेटवत नाही, एवढं कोणाच्या डोक्यात येत नव्हतं.

बाबांकडे प्रतवारी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला मांडीचा काप. खास माणसांना जिभेचा. मांडी खाणाऱ्यांना बहुधा काहीच होत नसे. तुमची श्रद्धा मांडीपर्यंतच पोचली, असं बाबा म्हणत. जीभ खाणाऱ्यांच्या अंगात मात्र दोन-तीन आठवड्यांत अस्वल हजर. पुढे हळूहळू सूज उतरायची, ताप जायचा, आणि आजारातून उठलेल्या माणसाला जसं हलकं वाटतं तसं वाटायचं. अस्वल मुरलं, असं त्याला म्हणत. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या अंगात ते मुरलं नाही. त्याचं काळीज एका सकाळी चहा पितापिता थांबलं. अस्वलानं त्याला स्वतःबरोबर डोंगरात नेलं, असा बाबांनी निर्वाळा दिला, आणि गाव त्याच्या बायकोकडे जरा हेव्यानंच बघू लागलं. रडली ती एकटी.

गावाच्या टोकाला जंगलखात्याची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती आणि तिथे जनावरांची एक डॉक्टरीण. मेलेले कोल्हे, लांडगे, रानमांजरं, अस्वलं तिच्या टेबलावर यायची, आणि त्यांच्या मांसात कोण बिऱ्हाड करून राहिलंय हे ती शोधायची. पोटातले जंत सगळ्यांना ठाऊक. मांसात राहणारे कोणाला ठाऊक नसतात, कारण ते नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. लोक तिला चेष्टेनं ‘खाटीकबाई’ म्हणत. ती त्यावर हसायची. त्या हिवाळ्यात मात्र तिचं हसणं बंद झालं होतं.

कारण तिचा धाकटा भाऊ. भाऊ सुतार, हात सोन्यासारखा आणि मन मेणासारखं. बाबांच्या वखारीची दारं त्यानं बसवली, मग त्या दारातच बसू लागला, आणि वर्षभरात बाबांचा उजवा हात झाला. त्याच्या मुलीचे पाय जन्मापासून अशक्त. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, तो हळू होता. बाबांनी अस्वल सांगितलं, ते झटपट होतं.

गेल्या वर्षी हाच भाऊ कागदात गुंडाळून मांसाचा तुकडा घेऊन तिच्याकडे आला होता. ताई, एवढं तपासून दे, म्हणजे तुझ्या मनातली शंका जाईल. तिनं गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे केले, दोन जाड काचांमध्ये स्क्रू आवळून दाबले, भिंगाखाली पाहिले. काही नव्हतं. यात काही सापडलं नाही, असं ती म्हणाली, आणि बाबांनी ते वाक्य उचललं. त्या दिवसापासून प्रत्येक काप तोंडात घालताना ते म्हणायचे, “डॉक्टरीणबाईंनी तपासलेलं आहे.” ती दोनदा वखारीत जाऊन भांडली. लोकांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तिचंच वाक्य ऐकवलं.

मग भावाच्या अंगात अस्वल आलं.

ती गेली तेव्हा तो उशीला टेकून बसला होता आणि दारात बघ्यांची रांग होती. पापण्या अशा सुजलेल्या की तिला क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच्याच घरात आले. त्याला घास चावता येत नव्हता, मान वळवता येत नव्हती. तिनं दंड दाबला तसा तो कळवळला आणि लगेच हसला. दुखतंय म्हणजे ते आत हातपाय पसरतंय, असं त्यानं तिला समजावलं. मोठा माणूस लहान मुलाला समजावतो तसं.

“काय खाल्लंस?” तिनं विचारलं.

“जीभ. मांडी काय, कोणालाही देतात.”

ती उभी होती ती पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात की मांसातली अळी सगळीकडे सारखी नसते. जे स्नायू दिवसभर राबतात, जीभ, जबडा, छातीखालचा श्वासाचा पडदा, तिथे ती दाटीनं राहते, मांडीत विरळ. कुठलंही जनावर आलं की आधी जीभ कापायची, हा तिथला नेम. आणि भावानं प्रेमानं तुकडा आणला तेव्हा, हा कुठला, एवढं तिनं विचारलं नव्हतं. परक्यानं आणला असता तर विचारलं असतं.

दारापर्यंत पोचवायला आलेली भावजय आत वळून बघत हळूच म्हणाली, “ताई, रविवारी पोरीला द्यायचंय. तिचा वाटा घरी आणून ठेवलाय.”

“जिभेचा?”

भावजयीनं होकाराची मान हलवली. मग तिनं मागच्या ओट्यावरून फडक्यात बांधलेली पुरचुंडी आणली आणि नणंदेच्या पिशवीत टाकली. नवऱ्याला काय सांगायचं ते बघते, म्हणाली. मांजरानं नेलं म्हणेन. मांजर नव्हतंच घरात.

भाचीच्या वाट्याचा तो काप डॉक्टरिणीनं दोन काचांमध्ये दाबला आणि भिंगाला डोळा लावला. दोरखंडाच्या पिळांसारखे स्नायूंचे धागे, आणि धाग्याधाग्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळी. उरलेला तुकडा बारीक करून तिनं पोटात असतो तसल्या आम्लात, पोटाएवढ्याच उबेत ढवळत ठेवला. मांस विरघळलं, गाळणीखाली साका बसला. त्यातली वेटोळी ऊब लागताच सुटली आणि वळवळू लागली. अख्खा हिवाळा गोठून ती मेली नव्हती. डुकराच्या मांसातली मरतात. रानातल्या ह्या जातीला बर्फाची सवय. खुर्चीवर बसून तिनं हिशेब केला, ह्या वर्षी वखारीत किती जणांच्या तोंडात तिचं वाक्य गेलं असेल. हिशेब लागेना, तेव्हा तिनं काचेचं चित्र भिंतीवर पाडणारं जुनं यंत्र पुसायला घेतलं.

त्याआधी ती भावाला बखोटीला धरून दवाखान्यात न्यायला गेली होती. तो आला नाही. रविवारनंतर येतो, म्हणाला.

रविवारी वखार गच्च भरली होती. भाऊ पुढच्या बाकावर, मुलगी मांडीवर. पुरचुंडी नाहीशी झाली म्हणून बाबांनी तिच्यासाठी नवा काप काढून भावाच्या हातात दिला होता. डॉक्टरिणीनं परवानगी मागितली नाही. तिनं यंत्राची तार जोडली आणि दिवा लावला. चुन्याच्या भिंतीवर हाताएवढाल्या अळ्या वळवळू लागल्या, तशी पुढची माणसं मागे सरकली.

ती म्हणाली की मागे मी सांगितलं ते चुकीचं निघालं. मी मांडी पाहिली, जीभ पाहिली नाही. अंगात येतं ते हे. तुम्ही कच्चं खाता, पोटात ह्या सुटतात, त्यांची पिल्लं रक्तातून तुमच्या मांसात जाऊन घर करतात, म्हणून सूज, म्हणून ताप, म्हणून जिभेनंच अस्वल येतं आणि मांडीनं येत नाही. कुलूपवाल्याच्या काळजाला ह्यांनीच सुजवलं असणार. औषध आहे, दवाखान्यात आहे, आजच जा. “आगीनं मरते म्हणतात ना, ती शक्ती ही. मांस नीट शिजवलं की संपली. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका, एकदा ठेवलात, काय झालं बघताय. यंत्र इथेच ठेवते. कोणीही कुठलाही काप आणा, काचांत दाबा आणि स्वतः बघा.”

कोणीतरी मागे उलटी करायला बाहेर पळालं. पण बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते भिंतीपाशी गेले आणि सावलीला हात जोडून उभे राहिले.

“पाहिलंत? आम्ही सांगत होतो, शास्त्रानं दाखवलं. ही वेटोळी म्हणजे निजलेलं अस्वल.” दोन-चार हात आपोआप जोडले गेले. बाबांचा आवाज चढला. “ह्या अळ्या असत्या तर मी कधीच गेलो असतो. प्रत्येक अस्वलाची जीभ पहिली मी खातो. अशीच, कच्ची. बघा माझ्याकडे. चल पोरी, ये पुढे.”

भाऊ उठला. मुलीला कडेवर घेऊन, काप हातात धरून, डुलत डुलत तो दोन पावलं पुढे गेला. मग थांबला. वडीलधाऱ्याची चूक दुरुस्त करावी तशा अदबीनं तो म्हणाला, “कच्ची नाही बाबा. तुमची मी शिजवून देतो ना. चांगली मऊ होईपर्यंत. पहिल्या हिवाळ्यात कच्ची खाल्लीत आणि महिनाभर अंथरुणातून उठला नाहीत, तेव्हापासून.”

भावानं सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून हातातल्या कापाकडे पाहिलं, मग कडेवरच्या मुलीच्या तोंडाकडे. तिनं ते आ करून उघडंच ठेवलं होतं.

“मिट,” तो तिला म्हणाला. आणि मग बाबांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “तुमचीच का हो शिजवायची?”