अंगाला सोसेल एवढाच वेग

मित्रांनो, मी काड्यापेटीहून थोडा लहान असा एक जुना प्रोसेसर आहे. संगणकातले सगळे हिशेब मी करतो, म्हणून लोक मला त्याचा मेंदू म्हणतात. मेंदू म्हटले की मला जरा लाजल्यासारखे होते. कामसू म्हणाल तर मात्र मान्य आहे.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर आम्ही शेकडो भावंडे जन्मलो. मग आमची परीक्षा झाली. माझ्या एका भावाला वरचा वेग ठरवून दिला आणि मला त्याच्या खालचा. बाकी आम्ही दोघे एका साच्यातले. दुकानाच्या कपाटात शेजारीशेजारी बसायचो. गिऱ्हाइके आधी त्याच्याकडे बघायची. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटायचे.

एका सकाळी दुकानात एक ताई आणि तिचे बाबा आले. ताई हलती चित्रे तयार करायची. बाबांनी उभा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात घालवला होता. ताईची पाच वर्षांची भाची, टिंगी, जन्मापासून ऐकू शकत नव्हती. ती हातांच्या खुणांनी बोलायची. तिच्या या भाषेतली गोष्ट कुठे मिळेना, म्हणून ताई स्वतःच एक छोटा सिनेमा करत होती. त्यात खारीचे हरवलेले पिल्लू हातांनी बोलत आईला शोधायचे. बारा दिवसांनी टिंगीची शाळा सुरू होणार होती आणि पहिल्याच दिवशी तिच्या बाई तो सिनेमा वर्गाला दाखवणार होत्या. ताईचा जुना संगणक मात्र मुंगीच्या पावलाने चालत होता.

"या दोघांत फरक काय?" ताईने विचारले.

"वेगाचा," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "दोघांचाही वेग नंतर वाढवता येतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. तुम्ही वाढवणारच असाल, तर हा धाकटा घ्या; तेवढ्याच खर्चात मोठा पंखाही बसेल. पण थोरला त्या वेगावर तपासून पास झालाय. धाकटा तिथवर जाईलच, अशी हमी मी देणार नाही."

ताई घुटमळली. बाबांनी मला उजेडात धरून न्याहाळले. "चांगला पंखा नसेल तर थोरलाही तापेल. हाच घेऊ. कुरकुरला की थांबू."

घरी आल्यावर बाबांनी माझ्या पाठीवर वाटाण्याएवढा लेप लावला, माझी उष्णता पंख्यापर्यंत पोचवणारा. ताईने माझा वेग एकेक पायरी वाढवत नेला. मी धावलो. थोरल्या भावाचा वेग मागे टाकला तेव्हा माझी छाती फुगली!

"आता थांब की," बाबा म्हणाले.

"अजून एकच पायरी, बाबा. गार आहे तो. आणि दिवस किती थोडे उरलेत!"

त्या पायरीवर मी आतून डळमळू लागलो होतो. पण मला तोंड कुठे आहे सांगायला? चार दिवस मी तसाच धावलो. ना बंद पडलो, ना कुरकुरलो. अर्धा सिनेमा झाला.

रविवारी जेवणानंतर ताईने टिंगीला तो दाखवला. टिंगी खुदुखुदु हसत होती. अचानक तिच्या कपाळावर आठी पडली. तिने मावशीची बाही ओढली आणि हातांनी विचारले, "पिल्लू भिंतीला का हाका मारतंय?"

ताईने पुन्हा पाहिले. पिल्लू 'आई' अशी खूण करायचे, तिथे त्याचा अंगठा तळहातातच अडकला होता आणि तशी खूण म्हणजे 'भिंत'. एका अंगठ्याने आईची भिंत झाली होती! तशा चुका आणखी सात ठिकाणी निघाल्या. पळता पळता माझेच हिशेब चुकले होते आणि मी थांबलो नाही म्हणून कुणाला पत्ताही लागला नव्हता. त्यापेक्षा बंद पडलो असतो तर बरे झाले असते.

"चार दिवस पाण्यात गेले," ताई डोके धरून बसली. "हाव माझीच नडली, बाबा."

"मशीनचंही असं होतं कधीकधी," बाबा म्हणाले. "सुई भरधाव चाललेली असते आणि टाके सुटत असतात. कापड हातात घेईपर्यंत कळत नाही. दोन पायऱ्या खाली ये."

"मग वेळेत होईल?"

"ते नाही सांगता येत. पण होईल तेवढं नीट होईल."

ताईने वेग उतरवला. पुढचा दिवस नुसता मला तपासण्यात घालवला आणि मग पहिल्यापासून सुरुवात केली. वेळ वाचवायला तिने मागच्या झाडांची निम्मी पाने काढून टाकली. पिल्लाच्या बोटांना मात्र हात लावला नाही. शेवटचे चित्र माझ्यातून बाहेर पडले तेव्हा शाळेची सकाळ उजाडली होती आणि बाबा पायांत चपला घालून दारात उभे होते.

मी काही शाळेत गेलो नाही. ताईने परत आल्यावर गावी असलेल्या आपल्या आईला फोनवर सांगितले, तेच सांगतो. पिल्लाला आई भेटली, तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुलांनी हात वर करून 'आई' हीच खूण केली.

त्या बेताच्या वेगावर मी आठ वर्षे काम केले. मध्ये दोन वर्षे ताई इतकी गुंतली, की कुणी संगणकाच्या पेटीचे झाकणही उघडले नाही. पंख्यावर धुळीची गोधडी जमली. फार गुदमरलो. मग ताईने नवा संगणक घेतला आणि मी टिंगीच्या टेबलावर आलो.

टिंगीला पंख्याचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून ती रोज आधी पेटीवर तळहात ठेवते. थरथर नेहमीची असली तर अभ्यासाला बसते. जराशी वेगळी लागली, की पेचकस आणि ब्रश घेऊन मला साफ करते. मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांकडूनही त्यांना सोसेल तेवढेच मागा. आणि अधूनमधून असा हात ठेवून बघत जा.

परवा टिंगीने आजोबांचा हात धरून माझ्या पेटीवर ठेवला आणि खुणेने विचारले, "बरोबर आहे ना?" आजोबांनी डोळे मिटले, थोडा वेळ अंदाज घेतला आणि समाधानाने मान डोलावली.