टाकी दिसते का?

"टाकी दिसते का?" ग्वेनने फोनवर विचारलं.

"दिसते म्हणजे? तिच्यावर बसलेला कावळासुद्धा दिसतोय," क्लेम म्हणाला. "धूर वरच्या वर चाललाय. सांग बिनधास्त."

ग्वेन हॅलोरनने बिनधास्त सांगितलं. आजारी बहिणीसाठी शहरातल्या वेधशाळेची नोकरी सोडून ती मल्लाबंग या आपल्या गावी परतली, तेव्हापासून गावच्या रेडिओवर हवामान सांगायची. तिचा आवाज ऐकल्याशिवाय इथे कुणी चादरी वाळत घालत नसे. एप्रिलमध्ये तर पावसापेक्षा धुराचीच चौकशी जास्त, कारण तिकडे एप्रिलमध्ये उन्हाळा नुकताच सरलेला असतो आणि पुढच्या उन्हाळ्यात वणव्याला खायला काही उरू नये म्हणून जंगलखातं डोंगरातला पालापाचोळा आधीच जाळून टाकतं.

उपग्रहाच्या चित्रात धुराचा पट्टा नदीच्या खोऱ्यावर आलेला तिला स्वच्छ दिसे. पण उपग्रह बघणार वरून. धूर डोक्यावरून चाललाय की लोकांच्या नाकातोंडात जातोय, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही, आणि हवा मोजायचं यंत्र जवळात जवळ म्हणजे थेट शहरात. मग ग्वेनने साधा उपाय काढला होता. नदीपलीकडच्या टेकडीवर गावाची पांढरी पाण्याची टाकी आहे. क्लेम पॅस्कोच्या ओसरीवरून ती दिसली तर धूर वर, नाही दिसली तर खाली. क्लेम मेंढ्या आणि त्या हाकायला टॉफी नावाची कुत्री पाळायचा, शाळेत ग्वेनच्या वर्गातला. फाटक्या तोंडाचा पण मनाचा साफ, असं ती थोरल्या बहिणीला, एनिडला, सांगायची. "मन साफ असेल बाई, पण ती टोपी कधी धुतलीये का त्याने?" असं एनिड विचारायची.

त्या दिवशी नदीकाठच्या मैदानावर मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा होती. रेडिओवर धुराचा इशारा आला तर स्पर्धा रद्द, असा नियमच होता. एनिड दरवर्षी तिथे चहाचं टेबल सांभाळायची. दमा असल्यामुळे या दिवसांत ती ग्वेनला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. आज बातमी ऐकून ती चहाबरोबरच्या स्कोन-पावांचे डबे घेऊन खुशाल निघाली. मैदानावर पांढुरकं काहीतरी पसरलेलं होतं, ते तिला नदीवरचं धुकं वाटलं. वासाचं काय, डोंगर जळत असताना तो सगळ्या गावालाच येतो. बहिणीनेच हवा चांगली म्हटल्यावर शंका कसली घ्यायची? पहिली किटली रिकामी व्हायच्या आत ती टेबलामागे कोसळली.

दुपारी हॉस्पिटलात एनिडच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि ग्वेन बाहेर बाकावर बसून स्वतःला बोल लावत होती. वारा ओळखायला आपण चुकलो, एवढी वर्षं या धंद्यात घालवून सख्ख्या बहिणीला धुरात ढकललं, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. तेवढ्यात क्लेम आला आणि टोपी काढून शेजारी टेकला. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून बक्षिसाच्या निळ्या फितीचं टोक डोकावत होतं.

"तुझा काय दोष गं यात," तो म्हणाला. "धूरच बेकार होता. मलासुद्धा सकाळी गाडीचे दिवे लावून यावं लागलं. शेजारी बसलेली टॉफी शिंकून बेजार."

"सकाळी कधी?"

"उजाडल्यावर लगेच. मैदानावर कुंपणं लावायची होती ना."

उजाडतानाच तर तिने त्याला फोन केला होता. म्हणजे फोन ठेवला आणि निघाला. ग्वेनने त्याच्याकडे वळून बघितलं.

"टाकी दिसत होती का, क्लेम?"

तो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

"टॉफी म्हातारी झालीये, ग्वेन. पुढच्या वर्षी नाही धावायची ती. मला वाटलं, ऊन वर आलं की धूर उठेल. नेहमी उठतो."

"जिंकली का?"

त्याने मान हलवली. हो.

परका असता तर ग्वेन कडाकडा भांडली असती. पण ज्याच्या डोळ्यांवर विसंबून ती सगळ्या गावाला खिडक्या उघडायला सांगायची, त्यानेच केसाने गळा कापला होता, आणि खोटं वदवलं तेही तिच्याच तोंडून. तिला रडू आलं नाही, नुसती किळस आली.

"मी तुला अंदाज विचारला नव्हता रे," ती हळू म्हणाली. "अंदाज मी करते. तुला टाकी विचारली होती."

दुसऱ्या सकाळी तिने रेडिओवर सांगितलं की काल धुराची माहिती चुकीची दिली गेली, चूक माझी. क्लेमचं नाव घेतलं नाही. गावात कुणी समजून घेतलं, कुणी टोमणे मारले. एनिड घरी आली, पण आता ग्वेनचं हवामान ऐकून झाल्यावरही ती खिडकीशी जाऊन स्वतः वास घेई, आणि ग्वेन ते मुकाट बघे.

ग्वेनने क्लेमला फोन करणं बंद केलं. उपग्रहाचं चित्र बघून झालं की ती गाडी काढून क्लेमच्या फाटकापाशी जाते, कारण टाकी तिथूनच नीट दिसते. आजही गाडी थांबल्याबरोबर टॉफी लंगडत, शेपटी हलवत फाटकाशी आली. ओसरीवरून क्लेमने हात वर केला.

"आज दिसते गं," तो ओरडला.

टाकी खरोखरच पांढरीशुभ्र दिसत होती. ग्वेनने काच खाली करून ती स्वतःच्या डोळ्यांनी नीट बघून घेतली, हात बाहेर काढून टॉफीचं डोकं थोपटलं आणि गाडी वळवली.