पहिल्या पानावरची वेळ

आमच्या ऑफिसात काम कमी आणि वाट बघणं जास्त. कोडची एक ओळ बदला, बटण दाबा आणि बसा. त्या कोडचं फोनवर चालणारं अ‍ॅप बनायला सव्वीस मिनिटं. याला आम्ही बिल्ड म्हणतो. निळं बटण हिरवं केलं, सव्वीस मिनिटं. साहेबांना पुन्हा निळंच हवं, पुन्हा सव्वीस.

बनलेलं अ‍ॅप तपासतात काकू. पन्नाशीच्या, आमच्यात सगळ्यात मोठ्या, म्हणून काकू. टेबलावर सात जुने फोन ओळीनं मांडलेले, आणि बिल्ड येईपर्यंत हातात सुया. लोकर विणतात. तेच साहेबांच्या डोळ्यांत खुपलं.

सोमवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवसाला सात फेऱ्या तपासणी. बाकी वेळ स्वेटर. शुक्रवारी वीस झाल्या नाहीत तर काकूंनी घरीच विणावं."

"साहेब, वेळ बिल्ड खातंय," मी म्हणालो.

"नवा कॉम्प्युटर दिला ना मागच्या वर्षी?"

"त्याच्यावरच सव्वीस लागतात. जुन्यावर चाळीस लागायची."

"मग प्रगती आहे की," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

काकूंच्या घरात कमावत्या त्या एकट्याच, हे सगळ्यांना माहीत. मला इतका संताप आला की पाणी प्यायला उठलो आणि ग्लास तिथेच विसरून आलो.

तीन दिवस कोडमध्ये डोकं घालून बसलो. आमच्या अ‍ॅपचे एकशे चाळीस भाग. ज्या भागाला हात लावला नाही तो मशीननं जुनाच वापरावा, असा साधा हिशेब. आमचं मशीन मात्र दर वेळी एकूण एक भाग नव्यानं बनवत होतं. गुरुवारी वैतागून काहीही न बदलता बटण दाबलं. तरी सव्वीस मिनिटं. म्हणजे मी काही बदलत नसलो तरी कुणीतरी बदलत होतं.

सापडलं. ज्या मूळ भागावर बाकी सगळे उभे, त्यात एक ओळ होती. बिल्ड कधी केलं ती वेळ, सेकंदासकट, अ‍ॅपच्या पहिल्या पानावर छापणारी. दर बिल्डला वेळ नवी, म्हणून मूळ भाग नवा, म्हणून सगळंच नवं. दोन वर्षांपूर्वी साहेबांना हे हवं होतं. घरबसल्या कळावं, आम्ही शेवटचं काम कधी केलं ते. आणि ती ओळ लिहिणारा मी. "हो साहेब" म्हणून लिहिली होती, डोकं न वापरता.

ओळ काढली. बिल्ड तीन मिनिटांत.

अर्ध्या तासात साहेब बाहेर. "वेळ कुठे गेली?"

"तुमच्याकडे येणाऱ्या बिल्डवर राहील. आमच्या रोजच्यावर नाही."

"मग तुम्ही काम करताय हे मला कळणार कसं?"

"रोज काकूंची चुकांची यादी वाचा."

तोंड वाकडं केलं, पण सव्वीसाचे तीन झालेले दिसत होते. केबिनमध्ये परत गेले.

शुक्रवारी काकूंनी बावीस फेऱ्या केल्या. डबा खाताना डाव्या हातानं फोन चालूच. संध्याकाळी यादी आली: एक्केचाळीस चुका. त्यातल्या तेहतीस माझ्या.

साहेबांनी यादी माझ्या टेबलावर आपटली. "एवढ्या चुका? आजवर कुठे लपवल्या होत्या? सोमवारपर्यंत सगळ्या दुरुस्त हव्यात." काकूंना घरी पाठवायचं नावही नाही.

ते गेल्यावर काकूंनी सुया खणात टाकल्या. "स्वेटर अर्धाच राहिला बघ."

"कुणाचा होता?"

"तुझाच. त्या एसीखाली कुडकुडत बसतोस ना बिल्डची वाट बघत." त्यांनी पुढचा फोन उचलला. "आता बाह्या विसर. आणि अकरा नंबरची चूक आधी बघ, अ‍ॅप उघडतच नाहीये."

मी अकरा नंबर उघडला. ऑफिसात गारठा तसाच होता.